बारा नंबरचं उघडं दार

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आपण इथे राहायला आलो. तेव्हा अख्ख्या सोसायटीत टीव्ही एकच, बारा नंबरच्या काकूंकडे. संध्याकाळी त्यांचं दार उघडंच असायचं आणि बाहेर चपलांचा ढीग!

'आमची माती आमची माणसं'मधली खतांची माहितीसुद्धा आम्ही मुलं निमूट ऐकायचो, कारण उठलं की जागा गेली. प्रदीप भिडे बातम्या द्यायला आले की काकूंच्या सासूबाई पदर सावरून बसायच्या. चि. वि. जोशींच्या कथांवरचं 'चिमणराव' असलं की पाय ठेवायला जागा नसे. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतात असं वाटायचं.

१९८२ साली एशियाडच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं आणि हळूहळू घरोघरी टीव्ही आले. आमच्याकडेही आला. पहिल्याच रविवारी आम्ही दार लावून सिनेमा पाहिला. मध्येच दूध आणायला खाली उतरलो, तर बारा नंबरचं दार उघडं. सतरंजी नेहमीसारखी अंथरलेली, आणि टीव्हीसमोर काका-काकू दोघंच. काकूंनी हाक मारली, "ये रे!" मी "आलोच" म्हणून निघून गेलो. परत काही गेलो नाही.

आज दोघंही नाहीत. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ते "आलोच" आठवलं, म्हणून हे लिहिलं.