पंगत आणि स्टेज : धारवाडकडच्या पोरांच्या उत्सवांची एक बाजू

जानेवारी २०२३ मध्ये २६वा राष्ट्रीय युवा महोत्सव हुबळी-धारवाडला झाला, तेव्हा मी कर्नाटक कॉलेजच्या आवारात नुसता हिंडत होतो. उद्घाटन १२ तारखेला, विवेकानंद जयंतीला, हुबळीच्या रेल्वे मैदानावर झालं. पुढचे चार दिवस दोन्ही गावांत देशभरातली पोरं. १५ ते २९ वयाची, सात हजारांवर. कुणाच्या खांद्यावर ढोल, कुणाच्या डोक्यावर मोरपिसं, कुणी घुंगरं हातात धरून बसच्या मागं पळतंय. मंडळातल्या मित्रांनी नाच बघितले, फोटो काढले. मी पंचवीस-सव्वीस वर्षं पंप आणि पाइपलाइनीत घालवलेला माणूस. माझी नजर आधी स्टेजकडं जात नाही. पाण्याचे टँकर कुठं उभे केलेत, भांडी घासलेलं पाणी कुठं जातंय, जेवणाची रांग किती लांब आहे, हेच मी बघत बसलो.

आणि रांग बघता बघता मला गंगूबाई आठवल्या.

त्याचं कारण सांगायला जवळजवळ शंभर वर्षं मागं जावं लागेल, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावला. काँग्रेसचं ३९वं अधिवेशन. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेलं हे एकच अधिवेशन, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा खटाटोप अंगावर घेतला होता. टिळकवाडीच्या बाजूला माळावर नवं गावच वसवलं आणि त्याला नाव दिलं विजयनगर. हजारो माणसं येणार म्हणजे पाणी हवं, म्हणून विहीर खणली. ती ‘काँग्रेस विहीर’ आजही दाखवतात. खर्च ४,००० रुपयांच्या वर गेला होता. विहिरीचं नाव पंपा सरोवर. इंजिनिअरला इथं थांबायचा मोह होतो, पण आवरतो.

या अधिवेशनात स्वयंसेवकांचं काम हुबळीच्या ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाकडं होतं. सेवा दल १९२३ च्या अखेरीस काकीनाड्याला निघालं होतं आणि त्याचा जीव हुबळीत होता. उमाबाई कुंदापूर याच हुबळीच्या. नुकतंच वैधव्य आलेलं, पण गावोगाव फिरून त्यांनी दीडशेच्या वर बायका स्वयंसेविका म्हणून गोळा केल्या, त्यांत विधवाही होत्या. १९२४ साली घरच्या विधवेला माळावरच्या तंबूत कामाला पाठवायचं म्हणजे काय, हे आपल्या आजीला ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. स्वच्छतेचं काम काकासाहेब कालेलकरांकडं होतं. वरच्या जातीतल्या पोरांनी तिथं हातात झाडू घेतला, संडास साफ केले. गांधीजींचं अध्यक्षीय भाषणही अस्पृश्यतेवर बोललं, सूतकताईवर बोललं.

त्याच मांडवात गांधीजींसमोर स्वागतगीत म्हणायला धारवाडची एक शाळकरी मुलगी गेली होती. जन्म ५ मार्च १९१३, म्हणजे अकरा वर्षं पुरी झालेली. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या, घर धारवाडच्या शुक्रवार पेठेत. पुढं हीच मुलगी गंगूबाई हनगल झाली.

गंगूबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. गांधीजींपुढं गायचा आनंद होताच, पण त्याबरोबर पोटात एक गोळा होता. जेवायच्या वेळी आपल्याला बाजूला बसवतील का? उष्टी पत्रावळ उचलायला सांगतील का? गाणं सुरात लागेल की नाही, याची तिला काळजी नव्हती. पंगतीची होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपण मंडळात अधिवेशनावर इतके निबंध वाचले. कोण आलं, कुठला ठराव झाला, सूत कातण्याच्या अटीवर काय वाद झाले, सगळं बारीक माहीत आहे. अकरा वर्षांच्या पोरीला काय वाटत होतं, हे आपल्या एकाही निबंधात नाही. माझ्यासुद्धा.

तिची भीती उगीच नव्हती. गाणाऱ्या बायकांच्या परंपरेतलं घर. लहानपणी शेजारच्या श्रीमंत ब्राह्मणांच्या बागेत आंबे काढायला शिरली, तर आंबे गेले याचं नव्हे, गाणाऱ्या बाईची पोरगी बागेत शिरली याचं त्यांना जास्त वाटलं. पुढं तीच माणसं तिला घरी बोलवू लागली, हेही त्यांनीच सांगितलंय, कडवटपणा न आणता. म्हणजे बेळगावच्या माळावर एकाच वेळी दोन गोष्टी घडत होत्या. एकीकडं ब्राह्मणाची पोरं मुद्दाम झाडू घेऊन उभी. तो त्याग, त्याचं कौतुक. दुसरीकडं एक पोरगी घाबरलेली, की तेच काम आपल्याला लावतील. तिनं ते केलं असतं तर कुणी त्याला त्याग म्हटलं नसतं.

आता थोडं आणखी मागं. पोरांना जाहीर स्टेज मिळालं कुठून? आमच्या भागात याचं सरळ उत्तर गणेशोत्सवातले मेळे. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणपती बसू लागले आणि एकसारखा पोशाख केलेली, लेझीम-झांजा घेतलेली पोरं रस्त्यावर पदं म्हणू लागली. मुंबई इलाख्यात ते लोण पसरत गेलं; बेळगाव, धारवाड हे तेव्हा त्याच इलाख्यात, १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत. पदांत स्वदेशी आलं, सरकारवर टोमणे आले, आणि मग पोलीस पदं आधी तपासून घ्यायला लागले. मराठी रंगभूमीवरची कितीतरी माणसं लहानपणी मेळ्यात उभी राहिलेली. पण सुरुवातीचे मेळे पोरांचे. पोरी घरात. ज्या पोरी लोकांसमोर गात, त्यांच्याकडं लोक कसे बघत ते वर आलंच. तेव्हा १९२४ साली एका मुलीला गाण्यासाठी मांडवात उभं करणं हे मोठंच पाऊल होतं, ते मी नाकारत नाही.

इथं मराठीचीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्यातले काही जण ती ऐकून घेत नाहीत. एकोणिसाव्या शतकात धारवाडात शाळा, कचेरी, नाटक सगळीकडं मराठीचा वरचष्मा होता. त्याला उत्तर म्हणून रा. ह. देशपांडे यांनी २० जुलै १८९० ला कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला. गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटकं उभी केली तीही मराठी नाटक मंडळ्यांचे तंबू गावोगाव पडत होते म्हणूनच. आणि गंमत बघा, मराठी नाटकाचा उगम सांगताना आपण विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं सांगलीतलं नाटक सांगतो, ते निघालं कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, शिकले धारवाडात. उसनवारी दोन्ही बाजूंनी आहे. हिशेब मांडायला बसलं तर बाकी कुणाच्या नावावर निघेल, मला नाही वाटत कुणाला सांगता येईल.

या उसनवारीतला सगळ्यात सुंदर माणूस म्हणजे द. रा. बेंद्रे. घरात मराठी, लिहिणं कन्नडमध्ये, आणि दोन्ही भाषांत पोरांना हसवायचे असं जुने लोक सांगतात. फर्ग्युसनमधून बी. ए. होऊन ते धारवाडला व्हिक्टोरिया हायस्कुलात शिकवायला लागले. १९२२ च्या सुमारास ‘गेळेयर गुंपु’ म्हणजे मित्रांचा कट्टा जमला आणि १९२६ मध्ये त्यांनी ‘नाडहब्ब’ सुरू केला. नवरात्रात गाणी, कविता, भाषणं. देवीचा उत्सव आणि मुलखाचा उत्सव एकत्र. मेळ्यांचा गणपती आणि नाडहब्बाची देवी यांत मला तरी सख्खं नातं दिसतं. घरातला सण चौकात आणायचा आणि पोरांच्या तोंडी शब्द द्यायचे, युक्ती एकच. १९३२ मध्ये ‘नरबली’ या कवितेपायी सरकारनं बेंद्रेमास्तरांना तुरुंगात टाकलं, तेव्हा ती युक्ती लागू पडत होती असंच म्हणायचं.

मल्लिकार्जुन मन्सूर याच काळातले. धारवाडजवळच्या मनसूर गावचे, जन्म १९१०. थोरल्या भावाच्या नादानं नऊ-दहा वर्षांचे असतानाच नाटक कंपनीत गेले, आणि तिथलं गाणं ऐकून मिरजेच्या नीलकंठबुवांनी त्यांना शिष्य केलं. कंपनी हाच त्या पोरांचा युवा महोत्सव, फक्त घरी परत जायची सोय नसलेला. गंगूबाईंना ती वाट नव्हती. त्या पुढं हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं जायच्या, गाणं शिकून परत घरी, संसार आणि लेकरं. त्याच कुंदगोळात पोरसवदा भीमसेन जोशी गुरुगृही राहून पाणी भरत होते. मुलगा राहू शकतो, बाईला शेवटची गाडी पकडावी लागते. शिकणं दोघांचं एकाच गुरूपाशी.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ही गोष्ट हातात घेतली. १९५४ मध्ये दिल्लीला विद्यापीठांचा युवक महोत्सव, १९९५ पासून राष्ट्रीय युवा महोत्सव, २०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी कला उत्सव. कर्नाटकातल्या शाळांत ‘प्रतिभा कारंजी’ असते, कारंजी म्हणजे कारंजं. केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत पोरं वर जातात. परीक्षक, गुण, प्रमाणपत्र. मेळ्यांतला चावटपणा त्यात उरला नाही, पण पोरींची संख्या पोरांपेक्षा जास्त दिसते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता माझं. १९८२ साली आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी शिवाजी महाराजांच्या दरबारातला भालदार होतो. दोन वाक्यं, त्यातलं एक विसरलो. ढोल वाजवायला माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वाजवतात, त्यामुळं तालीम त्याला लागलीच नाही. त्या ढोलावर आमचं नाटक तरलं. नंतर उप्पिट आणि जिलेबी. आम्ही हॉलमध्ये बसलो आणि तो दारापाशी, ढोलाला टेकून, वेगळ्या पानावर. त्याला तिथं कुणी बसवलं नव्हतं. तो आपण होऊन बसला. मास्तरांनी दोनदा ‘आत ये रे’ म्हटलं, आणि मग जिलेबी संपायला लागली म्हणून ते तिकडं गेले. मी काय केलं? मी जिलेबी खाल्ली. चौदा वर्षांचा होतो.

गंगूबाईंचं पुस्तक मी वाचलं ते चाळिशी उलटल्यावर. तोवर मला तो दरवाजा आठवलाही नव्हता.

म्हणून २०२३ मध्ये मी कॉलेजच्या मैदानात रांगेत उभा राहिलो. स्वयंसेवक पोरगा म्हणाला, ‘अंकल, हे डेलिगेटसाठी आहे.’ मी म्हटलं, मला जेवायचं नाही, बघायचंय. तो गोंधळला, पण थांबू दिलं. मणिपूर, पंजाब, केरळ, सगळ्यांच्या हातात एकसारखी ताटं. एका मुलीनं रिकामं ताट नेऊन टबात टाकलं आणि घुंगरं सावरत पळाली. स्वतःचं ताट स्वतः उचलायचं, असा तिथं सगळ्यांनाच नियम होता.

मंडळासाठी एक काम सुचवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या गॅदरिंगच्या, मेळ्यांच्या, नाडहब्बाच्या कार्यक्रमपत्रिका असतील. त्या आपण जमवूच, पण खर्चाच्या वह्या असल्या तर त्याही आणा. पानं किती घेतली, केळीची की पत्रावळी, वाढपी कोण, वाजवणाऱ्यांना काय दिलं, हे त्यांत असतं. माझ्या शाळेची १९८२ सालची वही मी मागितली होती. कपाट वाळवीनं खाल्लं, असं कळलं. त्या ढोलवाल्या मित्राचा पत्ता मात्र लागलाय, तो नवलगुंदच्या बाजूला असतो. पावसाळा संपला की जाऊन येतो.