साबण लावलेलं तिकीट

पाकिटावर तिकिटं चिकटवायची, त्यांवर साबणाचा किंवा गोंदाचा पातळ थर द्यायचा, मग पाकीट टपालपेटीत टाकायचं. टपाल खात्याचा शिक्का उमटायचा तो त्या थरावर. ज्याला पाकीट मिळे तो तिकिटं पाण्यात भिजवून शिक्का धुऊन काढी आणि तीच तिकिटं उत्तराबरोबर परत धाडी. चिठ्ठीच्या शेवटी ‘माझी तिकिटं परत पाठव’ ही ओळ ठरलेली. १९८०च्या दशकात अमेरिका, स्वीडन, नॉर्वे, ब्राझील अशा देशांतली शाळा-कॉलेजातली मुलं हा उद्योग करत होती. कायद्याने तो गुन्हाच. पण खिशात पैसे नव्हते आणि पाकिटातली वस्तू मिळवायचीच होती. ती वस्तू म्हणजे घरी भरलेली कॅसेट. डेथ मेटल, ब्लॅक मेटल, ग्राइंडकोर ही जगातली सर्वांत कर्कश आणि सर्वांत वेगवान संगीतं या पाकिटांत वाढली. या देवघेवीला नाव पडलं ‘टेप ट्रेडिंग’.

तिचं मूळ एका साध्या यंत्रात आहे. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या चमूने घडवलेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आली. ग्रामोफोनची तबकडी काढायला कारखाना लागतो, कंपनी लागते. कॅसेटला दोन टेपरेकॉर्डर पुरतात. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. आवडीच्या गाण्यांची यादी दुकानात नेऊन द्यायची आणि कोरी कॅसेट ‘भरून’ घ्यायची, ही रीत एका पिढीच्या अंगवळणी पडली होती. तंत्र तेच. मेटलवाल्या मुलांनी त्याला टपालाची जोड दिली आणि दुकानदाराला मधून काढून टाकलं.

पाकिटातून फिरत असे तो मुख्यतः ‘डेमो’, म्हणजे कुठल्याही कंपनीने न काढलेलं, बँडने स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं काम. मेटॅलिकाचा ‘नो लाइफ टिल लेदर’ हा सात गाण्यांचा डेमो १९८२चा. पहिला अल्बम १९८३ साली आला, तोवर बँडचं नाव हातोहात दूरवर पोचलं होतं. फ्लोरिडातल्या चक शुल्डिनरच्या ‘मँटास’ बँडचा ‘डेथ बाय मेटल’ १९८४ मधला. पुढे बँडचं नावच ‘डेथ’ झालं आणि १९८७च्या ‘स्क्रीम ब्लडी गोर’ने डेथ मेटलला घाट दिला. ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ती शहरात कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्याने स्वतःच कंपनी काढली आणि १९८५ साली सेपुल्तुरा या स्थानिक मुलांच्या बँडला पहिल्यांदा तबकडीवर आणलं. लंडन-न्यूयॉर्कची परवानगी कुणी मागितली नाही. या संगीताच्या कुळाची सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

नवं संगीत सापडायचं कसं? प्रत्येक पाकिटात बोटभर रुंदीच्या झेरॉक्स चिठ्ठ्या कोंबलेल्या असत. त्यांना फ्लायर म्हणत. त्यांवर बँडचं काट्याकुट्यांसारखं नाव, पत्ता आणि किंमत. सोबत ‘नोट नीट लपवून पाठवा’ ही सूचना. घेणाऱ्याने त्या पुढच्या पाकिटात घालायच्या, असा अलिखित नियम. दुसरं साधन म्हणजे अल्बमच्या कागदावरची आभारांची यादी. आवडत्या बँडने ज्यांचे आभार मानले त्यांतली अनोळखी नावं अधोरेखित करायची आणि त्यांच्या मागे लागायचं. ही पद्धत आजही कुठल्याही यंत्राच्या शिफारशीपेक्षा सरस आहे, कारण त्या यादीत मैत्री आणि ऋण नोंदलेलं असतं.

कॅसेटवरून कॅसेट भरत गेलं की दर वेळी खरखर वाढते, वरचे सूर बोथट होतात. कित्येकांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते असं झिजलेलं. मग तो झिजलेपणाच हवासा वाटू लागला. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने १९९४ साली आलेला ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ हा अल्बम घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. गिटार मधमाश्यांच्या मोहळासारखी घोंगावते आणि त्या घोंगावण्याच्या तळाशी एक अतिशय उदास, सुरेल धून सरकत राहते. ती ऐकू यायला दोन-तीनदा बसावं लागतं. नेपाम डेथच्या ‘स्कम’ (१९८७) मध्ये ३३ मिनिटांत २८ गाणी आहेत. तिथे शब्दांच्या मागे न धावता आधी ड्रम धरावेत. मिक हॅरिसचा तो अखंड, दाट ठेका, ज्याला ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात, कानात बसला की बाकीचं आपोआप सुटं होतं. लग्नात संबळ ऐकत वाढलेल्या, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणच्या कानाला दाट ठेका काही परका नाही.

बागलाणचा, म्हणजे सटाण्याचा, या कथेशी आणखी एक धागा आहे. तोही तिकिटाचाच. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२०च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधी ती इंग्लंडहून येत. म्हणजे भारतातून परदेशी बँडला लिहिलेल्या पत्रावर बहुधा नाशिक जिल्ह्यात छापलेलं तिकीट असे. पण १९९१ आधी साध्या माणसाला परदेशी पैसे धाडणं जवळपास अशक्य होतं. कॅसेटच्या बदल्यात कॅसेट द्यायची तर आपल्याकडचा डेमो हवा, आणि असे बँड इथे मोजकेच. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव भरू लागला. धोबी तलावच्या रंगभवनात नवे बँड ऐकायला मिळत, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मोठ्या कंपन्यांच्या कॅसेट मिळत. भूमिगत म्हणावं असं मात्र थोडंच हाती लागे.

बदल घडवला तो साहिल मखिजाच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’सारख्या मुंबईच्या बँडांनी. डेमॉनिक रिझरेक्शनचा पहिला अल्बम २००० मधला. कंपनी दारात येईना म्हणून मखिजाने ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी उभी केली, कोगुमेलोच्याच वाटेने. २००३ मध्ये ‘भयानक मौत’ हा बँड आला, २००७ मध्ये ‘गटस्लिट’. २०१७ साली डेमॉनिक रिझरेक्शनने ‘दशावतार’ हा अल्बम काढला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दर अवताराचं एक गाणं. परदेशी श्रोत्यांना वराह आणि वामन कोण, हे शोधावं लागलं.

त्याहून मोठा उलटफेर कुणाल चोक्सी या मुंबईकराने केला. आधी तो अशा अल्बमांची परीक्षणं लिहीत असे; मग त्याने ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी’ ही कंपनी काढली. ब्राझीलचा ज्युपिटेरियन, स्वीडनचा पॅगनायझर, लिथुआनियाचा क्रिप्ट्स ऑफ डिस्पेअर, अमेरिकेचा रेप्लिकंट या साऱ्या बँडांचे अल्बम मुंबईच्या या कंपनीने काढले. ज्या स्वीडन-ब्राझीलच्या डेमोंसाठी मुलं कधीकाळी तिकिटं धूत होती, तिथलेच बँड आता आपलं काम मुंबईकडे सोपवतात. सटाण्यातल्या श्रोत्याला त्यांची सीडी मागवायची तर ना डॉलर लागतो ना जकात: पत्त्याखाली पिनकोड ४२३३०१ लिहायचा आणि पैसे रुपयांत भरायचे.