घड्यात ठेवलेला दिवा

श्रोतेहो, घरात मुलांची नकाशाची वही असेल तर जवळ घ्या. युरोपच्या अगदी पश्चिमेला, समुद्राच्या काठावर, स्पेनच्या कुशीला चिकटलेली एक उभी पट्टी दिसेल. तोच पोर्तुगाल. आपल्याला हा देश माहीत आहे तो गोवा, वसई आणि चौल यांच्यामुळे. शाळेत आपण वास्को द गामा पाठ केला, चिमाजी आप्पांनी वसई घेतली ते १७३९ साल पाठ केले, आणि पोर्तुगीज म्हटले की गलबते, तोफा आणि देवळांची पाडापाडी, एवढे चित्र मनात राहिले. ते चित्र खोटे नाही. पण या राज्याने स्वतःच्या मुलखात, स्वतःच्याच प्रजेशी कसे वर्तन केले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आज ते सांगायचे आहे, आणि एका जोडप्याच्या प्रवासाच्या निमित्ताने सांगायचे आहे.

हे जोडपे आमच्या स्नेहातले. रेवदंड्याकडचे, बेने इस्राएल समाजाचे. दोघांचाही जन्म शाळेत गेला. ते इतिहास शिकवीत, त्या मराठी. नावे सांगत नाही, आपण त्यांना मास्तर आणि बाई म्हणू. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तेलाचा घाणा चालवायचा हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. १९४८ मध्ये इस्राएल देश स्थापन झाला, त्यानंतर या समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. हे दोघे राहिले.

निवृत्तीनंतर कुठेतरी लांब जाऊन यायचे ठरले. मास्तर म्हणाले, इस्राएलला जाऊ. बाई म्हणाल्या, “अहो, तिथे आपण दोनदा जाऊन आलो. या वेळी पोर्तुगाल पाहू. ते लोक आपल्या दाराशी दोनशे वर्षांहून जास्त राहिले. त्यांचे घर कसे आहे, ते पाहू तरी.”

मास्तरांचे मन होईना. “ज्यांनी आपल्या माणसांना जाळले, त्यांच्या घरी सहलीला जायचे?”

शेवटी बाईंचे चालले. संसारात ते बहुधा चालतेच.

मास्तर काय म्हणत होते, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. ३१ मार्च १४९२ रोजी स्पेनच्या राजाराणीने हुकूम काढला, की यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या पोर्तुगालात शिरली. तिथला राजा दुसरा जॉन याने दर माणशी पैसे घेऊन आत घेतले, पण बहुतेकांना मुदत दिली फक्त आठ महिन्यांची. त्याच्यामागून मॅन्युएल गादीवर आला. त्याला स्पेनची राजकन्या करायची होती, आणि स्पेनची अट होती की आधी यहुद्यांना हाकला. ५ डिसेंबर १४९६ रोजी त्याने तसा हुकूम काढला. पण ही माणसे व्यापारी, वैद्य, कारागीर. ती गेली तर राज्याचे नुकसान. तेव्हा राजाने दुसरीच युक्ती केली. १४९७ मध्ये प्रथम लहान मुले आईबापांकडून हिसकावून त्यांना बाप्तिस्मा दिला. मग देश सोडण्यासाठी लिस्बनला जमलेल्या लोकांना जहाजे दिलीच नाहीत. त्यांना कोंडले, आणि बळजबरीने ख्रिस्ती केले. हुकूम हद्दपारीचा होता, पण प्रत्यक्षात जाऊ दिले थोड्यांनाच. या लोकांना पुढे ‘नवे ख्रिस्ती’ म्हणू लागले. म्हणजे बाटवायचे, आणि बाटलेले आहात हे विसरूही द्यायचे नाही.

त्याच १४९६ साली लैरिया गावी अब्राहम झकुतो नावाच्या यहुदी ज्योतिर्विदाच्या सारण्या छापल्या गेल्या. सूर्याच्या उंचीवरून गलबत कोणत्या अक्षांशावर आहे, हे त्या सारण्यांवरून काढता येई. वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीला त्यांचा आधार होता. गामा १४९७ च्या जुलैत निघाला, आणि झकुतोला त्याच सुमारास देश सोडून ट्युनिसला जावे लागले. शिक्षक बंधुभगिनींनो, गामाचा धडा शिकवाल तेव्हा हे एक वाक्य त्यात जरूर घाला.

लिस्बनला दोघे चार दिवस राहिले. बाईंना शहर आवडले. चढउतार, ट्राम, समुद्राचा वारा, आणि चुलाण्यावर भाजलेली तारली. खवले असलेला मासा, तेव्हा खायला हरकत नाही. दुकानांच्या पाट्यांवर बटाटा, अननस वाचून त्यांना हसू येई. पाव, चावी हे शब्दही आपल्याकडे याच लोकांकडून आलेले.

मास्तर मात्र त्यांना घेऊन गेले एका चौकात, सांतो डोमिंगोच्या चर्चसमोर. १५०६ च्या एप्रिलात दुष्काळ आणि साथ असताना या चर्चमध्ये क्रूसावर तेज दिसले, असा लोकांचा समज झाला. एक नवा ख्रिस्ती म्हणाला, तो मेणबत्तीचा उजेड असेल. त्याला तिथेच मारले, आणि तीन दिवस शहरात कत्तल चालली. दोन हजारांच्या आसपास माणसे मेली असे मानतात. त्या चौकात आता एक गोल दगड आहे, त्यावर यहुद्यांचा सहा कोनांचा तारा. तो २००८ साली बसवला, म्हणजे पाचशेदोन वर्षांनी. दगडाच्या आसपास म्हातारे लोक गप्पा मारीत बसले होते. मास्तरांना वाईट वाटले. बाई म्हणाल्या, “बसू देत की. रिकामा चौक काय चांगला दिसला असता?”

तिथून तोमार. या गावात पंधराव्या शतकातले एक यहुदी प्रार्थनामंदिर उभे आहे. चौकोनी दालन, मधे चार खांब, त्यांवर बारा कमानी. चार खांब म्हणजे चार आद्य माता, बारा कमानी म्हणजे इस्राएलच्या बारा वंशशाखा, असे सांगतात. पण बाईंचे लक्ष गेले वर कोपऱ्यांकडे. तिथे भिंतीत मातीचे घडे पालथे बसवलेले आहेत. आवाज घुमून दालनभर नीट पोचावा, म्हणून केलेली ही सोय. १४९६ नंतर या जागेचा तुरुंग झाला, पुढे चर्च, मग गवताची वखार. १९२३ साली सॅम्युएल श्वार्झ नावाच्या एका पोलिश खाण-इंजिनिअरने ती विकत घेतली आणि १९३९ मध्ये सरकारला देऊन टाकली. तिथे आता झकुतोच्या नावाचे संग्रहालय आहे. या श्वार्झचे नाव लक्षात ठेवा.

पुढचा मुक्काम कास्तेलो दे विदे. स्पेनच्या सरहद्दीलगत डोंगरावरचे पांढरे गाव, उतारावर यहुद्यांची जुनी आळी. दारांच्या दगडी चौकटींत उजव्या हाताला खाचा दिसतात. यहुदी घराच्या दाराला धर्मवचनाची लहान नळी बसवतात, तिची ती जागा. रेवदंड्याला यांच्या दाराला ती आहे, जाता-येता हात लावायची सवय. बाईंचा हात आपोआप खाचेकडे गेला.

या गावात १५०० च्या सुमारास गार्सिया द ओर्ता जन्मला. आईबाप १४९२ मध्ये स्पेनमधून पळून आलेले, पुढे बळाने बाटलेले. ओर्ता वैद्यकी शिकला आणि १५३४ साली गोव्यात आला. आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याचा तो वैद्य आणि स्नेही होता. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात त्याचे पुस्तक छापले गेले. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधे यांवरचे संवाद, असे त्याचे स्वरूप. वेलदोडा, मिरी, आंबा, भांग, महामारी, सगळे त्यात आहे. हकीम आणि वैद्य काय सांगतात, ते कान देऊन ऐकून त्याने लिहिले. युरोपला आपल्या औषधींची नीट ओळख झाली ती या पुस्तकाने. १५६८ साली तो मेला.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले होते. नवे ख्रिस्ती गुपचूप जुना धर्म पाळतात का, हे शोधून शिक्षा देणारे हे धर्माचे न्यायालय. पुढे गोव्यातल्या बाटलेल्या हिंदूंनाही त्याने सोडले नाही. ओर्ताच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जाळले. घरात काय चालत असे, ते चौकशीत बाहेर आले. मग १५८० साली मेलेल्या ओर्तावर निकाल लागला. थडगे उकरून त्याची हाडे बाहेर काढली आणि जाळली. आज लिस्बनसमोरच्या आल्मादा गावातल्या मोठ्या इस्पितळाला त्याचे नाव आहे, आणि पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

मास्तर इतिहासाचे मास्तर, त्यांना हे सारे ठाऊक होते. तरी त्या आळीत ते बाईंना म्हणाले, “चौतीस वर्षे हा माणूस गोव्यात राहिला. एवढा ग्रंथ लिहिला, आणि स्वतः कोण हे कुठे सांगितले नाही. आपल्या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला तो सगळ्या गावासमोर.” बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

शेवटचे गाव बेलमोंते, एस्त्रेला डोंगरांच्या पायथ्याला. ब्राझीलला पोचलेला आणि त्याच सफरीत कालिकतला आलेला काब्राल इथला. १९१७ साली तो श्वार्झ कथलाच्या खाणींच्या कामासाठी या भागात आला. गावातल्या एकाने त्याला बजावले, अमक्याशी व्यवहार करू नका, तो यहुदी आहे. पोर्तुगालात चारशे वर्षांत एकही उघड यहुदी उरला नव्हता अशा डोंगराळ भागात! श्वार्झ स्वतः यहुदी. तो त्या लोकांकडे गेला, तर ते मानायलाच तयार नाहीत. आपल्यावाचून जगात कोणी यहुदी उरला असेल, हेच त्यांना खरे वाटेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, खरा असशील तर एखादी प्रार्थना म्हणून दाखव. श्वार्झने शेमा म्हटली, देव एकच आहे असे सांगणारी यहुद्यांची मुख्य प्रार्थना. हिब्रू भाषा त्यांच्यापैकी कोणालाच येत नव्हती. पण ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, हा शब्द कानावर पडताच बायकांनी डोळ्यांवर हात धरले. एवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. म्हातारीने सांगितले, हा आपला आहे.

चारशे वर्षे हे कसे टिकले? धर्मगुरू नाही, पुस्तक नाही, मंदिर नाही. टिकवले ते बायकांनी, स्वयंपाकघरात. पोर्तुगीज भाषेतल्या प्रार्थना आई मुलीला तोंडी शिकवी. शुक्रवारी संध्याकाळी तागाची वात करून तेलाचा दिवा लावायचा आणि तो मातीच्या घड्यात नाहीतर कपाटात ठेवायचा, उजेड रस्त्यावर दिसू नये म्हणून. वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी ठरल्या दिवशी करायची नाही, दोन दिवस मागून करायची, कारण पाळत ठेवणाऱ्यांनाही सण कधी ते माहीत. डुकराच्या मांसाची म्हणून धुराड्यात टांगलेली सॉसेजे असत कोंबडीची आणि पावाची, असेही त्या भागात सांगतात. रविवारी चर्चमध्ये जायचे, आणि उंबरा ओलांडताना ओठांतल्या ओठांत सांगायचे की हे आपले नव्हे.

संग्रहालयात हे ऐकताना बाईंनी मास्तरांचा हात धरला. कारण, श्रोतेहो, हीच गोष्ट कोकणातही सांगतात. डेव्हिड राहबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. कधी आला याबद्दल मतभेद आहेत. इथल्या लोकांनाही हिब्रू येत नव्हते, शेमा तेवढी आठवत होती. हे खरेच आपले का, हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवल्यांचे मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. झाली ओळख.

“अहो,” बाई म्हणाल्या, “तिकडे मासे, इकडे प्रार्थना. परीक्षा बायकांचीच. आता सांगा, आपला घाणा उघड बंद राहिला तो आपण शूर होतो म्हणून का?”

मास्तर विचार करून म्हणाले, “नाही. कोणी जाळायला आले नाही म्हणून.” रेवदंड्याचा कोट पोर्तुगिजांचा, पण बाहेरचा मुलूख निजामशाहीचा. पुढे आंग्रे आले, पेशवे आले, इंग्रज आले. शनिवारी घाणा का बंद, असा जाब एकानेही विचारला नाही.

पोर्तुगालातले इन्क्विझिशन १५३६ पासून १८२१ पर्यंत चालले. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियो सुआरेश यांनी कास्तेलो दे विदेमध्ये यहुद्यांची जाहीर क्षमा मागितली. पाचशे वर्षे झाली म्हणून १९९६ मध्ये संसदेने तो हद्दपारीचा हुकूम रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी बेलमोंतेत नवे प्रार्थनामंदिर उघडले. त्याचे नाव बेत एलियाहू. नावामागचे कारण काहीही असो, आपल्याकडे बेने इस्राएल एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करतात, त्यामुळे बाईंना ते घरचेच वाटले. पण मंदिर झाले तरी काही म्हाताऱ्या बायका जुन्या प्रार्थना घरातच, दार लावून म्हणत राहिल्या. इतक्या दिवसांची सवय.

तो शुक्रवार होता. संध्याकाळी खोलीवर बाईंनी लहानशा पेल्यात तेल घेतले, वात केली. रेवदंड्याला दिवा छताला टांगलेला असतो, इथे टांगायला काही नव्हते.

“कुठे ठेवू?”

मास्तरांनी पडदा बाजूला केला. “खिडकीत ठेव.”

डोंगरावरचा वारा, दिवा दोनदा विझला. मग मास्तरांनी नकाशाची घडी त्याच्या आड धरली, आणि प्रार्थना होईपर्यंत तशीच धरून उभे राहिले.