लाकडी कोळसा : ठाण्याची भट्टी आणि कच्छची भट्टी



धसईच्या बाजारात आज लाकडी कोळसा फारसा कुणी विचारत नाही. पण मुरबाड-शहापूरचे डोंगर उघडे का पडले, हे समजून घ्यायचे तर कोळशाचा हिशेब पाहावाच लागतो.

पाच किलो वाळलेले लाकूड मातीच्या भट्टीत घातले की जेमतेम एक किलो कोळसा निघतो. लाकूड रचायचे, वर पाला आणि माती लिंपायची, वारा अगदी थोडा लागू द्यायचा. कुठे भगदाड पडले की कोळशाची राख! म्हणून रात्रंदिवस राखण. किलोला किलो धरले तर कोळशाची धग लाकडाच्या जवळजवळ दुप्पट, पण पाचाचा एक झाल्याने निम्म्याहून जास्त धग भट्टीतच जाते. मग हा आतबट्ट्याचा धंदा का चालला? तर वाहतुकीमुळे. डोंगरातून बैलगाडीने पाच खंडी लाकूड ओढण्यापेक्षा एक खंडी कोळसा ओढणे परवडते. शिवाय धूर नाही, म्हणून शहरातल्या खोलीत शेगडी चालते.

रेल्वे १८५४ साली कल्याणला आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली. तेव्हापासून आपल्या भागातले जळण मुंबईच्या दारात गेले. मुरबाडला रेल्वे नव्हती, तरी कल्याण काही लांब नव्हते. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. खैराचा कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा धंदा त्याने आवळला आणि हा समाज हळूहळू ठेकेदाराच्या कोळसा भट्टीवर गेला. राबासाठी डहाळ्या तोडण्यावरून शेतकरीही कातावले होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या या तक्रारी ऐकण्यासाठी सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ सालचा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा मोटारी आणि बसगाड्यासुद्धा कोळशाच्या गॅसवर धावल्या. ऐन, किंजळ, धावडा, पुढचा-मागचा विचार न करता भट्टीत गेले. गंमत पाहा, मुंबईने शहापुरातून पाणीही नेले आणि कोळसाही. तानसा तलाव १८९२ चा. पाण्यासाठी त्याच्या भोवतीचे रान राखले गेले, कोळशासाठी बाकीचे तुटले.

मुंबईत १९५५ पासून बाटलीतला गॅस मिळू लागला, रॉकेलचा स्टोव्ह होताच. घरातल्या शेगड्या विझत गेल्या. इकडे झाडतोडीचा १९६४ चा, खाजगी वनांचा १९७५ चा आणि वनसंवर्धनाचा १९८० चा, असे कायदे आले आणि आपल्याकडच्या भट्ट्यांना लगाम बसला.

मग इस्त्रीवाले आणि तंदूर यांचा कोळसा येतो कुठून? देशातले आजचे मोठे पट्टे म्हणजे कच्छ आणि तमिळनाडूतले रामनाथपुरम. दोन्हीकडे झाड एकच, विलायती बाभूळ. कच्छी माणूस तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतो. आपला ऐन तोडला तर पुन्हा तसा व्हायला माणसाची एक पिढी जाते. ही बाभूळ बुंध्यापासून फुटते आणि थोड्याच वर्षांत परत तोडणीला येते. म्हणून तिकडचा कोळसा टिकला, आपला संपला. पण कच्छच्या मालधाऱ्याला विचारा! १९६० च्या सुमारास खाऱ्या रणाला आवर घालायला लावलेल्या या बाभळीने बन्नीचे गवत गिळले. २००४ साली कोळसा पाडायला मोकळीक दिली, तेव्हा भट्ट्यांचा सुळसुळाट झाला. २००८ साली ती परत काढून घेतली. फार फुटणारे झाड म्हणून ही बाभूळ कुणी वरकस जमिनीवर लावायला सांगितले, तर माझ्या मते साफ नकार द्यावा. बांधावर बांबू लावा.

कोळसा गेला, कोळसा पाडणारा मात्र सुटला नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि भात झोडणी आटोपली की बायकापोरांसह परजिल्ह्यात, कर्नाटकातसुद्धा, भट्टीवर जायचे. अशी कातकरी कुटुंबे आजही आहेत. भट्टी फोडायची वेळ आली की हिशेब मुकादमाच्या वहीत. उचल फिटली नाही म्हणून माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि अशा माणसाचे ते कर्जही कायद्याने रद्द ठरते. तुमच्या वाडीतले कुणी असे अडकले असेल, तर तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. भट्टीचे गाव, मुकादमाचे नाव आणि उचलीची रक्कम अर्जात जरूर लिहा.