बालवीराच्या खिशांतला चाकू

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या बालवीर पथकाचें शिबिर चालूं असतां एका मुलाचा आंगठा चाकूनें कापला. जखम फारशी खोल नव्हती. पण संध्याकाळीं त्याचे वडील आले आणि त्यांनीं मला एकच प्रश्न विचारला : "सर, बारा वर्षांच्या पोराच्या हातांत चाकू द्यावयाचाच कशाला ?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. त्यांचें म्हणणें गैरवाजवी होतें असेंही नाहीं. चाकू म्हटला कीं आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रामपुरी उभा राहतो, आणि मुलगा व रामपुरी यांची सांगड कोणत्या बापाला रुचेल ? पुढें मीं या गोष्टीचा थोडा मागोवा घेतला. त्यांत जें हातीं लागलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

विद्यार्थ्याच्या खिशांत चाकू प्रथम बालवीरांनीं घातला असें नव्हे. तो लेखणीच्या पाठोपाठ आला. इंग्रजींत लहान चाकूला आजही पेननाइफ, म्हणजे लेखणीचा चाकू, असेंच म्हणतात. कारण पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासण्यासाठीं तो लागे. आपल्याकडे पिसाच्या जागीं बोरू होता. मोडी किंवा बाळबोध लिहिणाराला बोरूचें टोंक तिरपें कापावें लागे, मध्यें बारीक चीर पाडावी लागे, आणि टोंक झिजलें कीं पुन्हां पहिल्यापासून तोच उद्योग करावा लागे. हें काम पुस्तकांत पाहून येण्यासारखें नाहीं. तें पंतोजींच्या हाताकडे पाहून आणि चार बोरू फुकट घालवूनच येत असे. इ. स. १८२० नंतर बर्मिंगहॅम शहरीं पोलादी निबें यंत्रावर होऊं लागलीं. मग टाक आला, त्यामागून फाउंटन पेन आलें, आणि चाकूचें शाळेंतलें काम शिसपेनीपुरतें उरलें. शिसपेनीला टोंक करण्याचें यंत्र दोन पैशांना मिळूं लागल्यावर तेंही संपलें. हत्यार या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत : सुताराचें असतें तेंही हत्यार आणि मारेकऱ्याचें असतें तेंही हत्यारच. चाकूचें शाळेंतलें काम संपलें तसा त्याचा पहिला अर्थ मागें पडला आणि दुसरा तेवढा लोकांच्या ध्यानांत राहिला, असें मला वाटतें.

निबांचा प्रसार होऊन चाकू असा शाळेबाहेर पडत होता, त्याच काळांत उत्तर युरोपांत त्याला शाळेंत मानानें परत आणण्याची खटपट चालली होती. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नानें १८६६ सालीं खेड्यांतील मुलांच्या शाळांतून हस्तकाम हा आवश्यक विषय झाला. शेजारच्या स्वीडन देशांत नेस या गांवीं ओट्टो सालोमन यांनीं १८७० नंतरच्या दशकांत शिक्षकांसाठीं एक विद्यालय चालविलें. तेथें जी पद्धति शिकवीत तिला स्लॉइड म्हणतात. इतर हस्तकामाच्या शाळांतून मुलाच्या हातीं आधीं करवत, रंधा, पटाशी यावी अशी रीत होती. सालोमन यांनीं सुरुवात चाकूपासून केली. मूल चाकू घरांत रोज पाहतें, तो त्याच्या ओळखीचा असतो, म्हणून आरंभ त्यानेंच करावा, असें त्यांचें म्हणणें. पहिली वस्तु अगदीं साधी : बालवर्गांत अक्षरें दाखविण्यासाठीं लागणारी एक लहानशी काडी. मग क्रमाक्रमानें थोड्या अवघड, पण घरांत उपयोगीं पडतील अशाच वस्तू. शिक्षकानें मुलाच्या कामाला स्वतः हात लावूं नये, असाही त्यांचा दंडक होता. मास्तरांना हा दंडक फार जड जातो, हें मी अनुभवानें सांगतों.

येथून आपण इंग्लंडांत येऊं. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल हे मूळचे सैनिक. दक्षिण आफ्रिकेंत मॅफेकिंग गांवाला १८९९ च्या ऑक्टोबरांत पडलेला वेढा १९०० च्या मे महिन्यांत उठला, आणि त्या अवधींत गांवचीं मुलें निरोप पोंचविण्याचीं कामें करीत होतीं. बेडन-पॉवेल यांनीं हेरगिरीवर सैनिकांसाठीं लिहिलेलें एक पुस्तक १८९९ सालींच निघालें होतें. परत येऊन पाहतात तों तें पुस्तक मुलांचे शिक्षक वापरीत आहेत ! मग त्यांनीं मुलांसाठीं निराळी योजना आंखली आणि १ ऑगस्ट १९०७ पासून ब्राउनसी बेटावर सुमारें २० मुलांचें शिबिर भरवून तिची परीक्षा पाहिली. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतलीं मुलें होतीं आणि बोर्नमथ व पूल या गांवचीं साध्या कुटुंबांतलींही होतीं. पुढल्या वर्षीं, म्हणजे १९०८ सालीं, "स्काउटिंग फॉर बॉइज" हें पुस्तक पाक्षिक भागांनीं प्रसिद्ध झालें. सैनिकांच्या विद्येंतून युद्ध काढून घ्यावें आणि तंबू, चूल, वाट व निसर्ग एवढें ठेवावें, असा तो खटाटोप होता. चाकूचेंही तसेंच झालें. त्या काळच्या छायाचित्रांत बालवीरांच्या कमरेला म्यानांतला चाकू दिसतो तो मेखा तासण्यासाठीं, दोर कापण्यासाठीं आणि चुलीसाठीं ढलप्या काढण्यासाठीं.

म्यानांतल्या चाकूबरोबर मिटण्याचा चाकूही आला. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना १८९१ सालीं जो चाकू मिळाला त्यांत एक पातें, एक आरी, डबे उघडण्याचें साधन आणि बंदूक खोलण्यासाठीं स्क्रू पिळण्याचें पातें होतें. अमेरिकेंत बालवीर संस्था १९१० सालीं निघाली आणि लवकरच तिच्या नांवाचा, बहुतांशीं याच थाटाचा, चाकू विकला जाऊं लागला. या चाकूची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळशा जखमा तिच्या अज्ञानानें होतात. मुठीच्या पाठीला पोलादाची कमान असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, त्यामुळें पातें उघडेंही राहतें व मिटलेलेंही राहतें. पण तें कुलूप नव्हे. उघड्या पात्याच्या पाठीवर जोर पडला, किंवा टोंक लांकडांत रुतवून पिळलें, कीं कमान हार खाते आणि पातें बोटांवर मिटतें. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला पातें अडकवून ठेवणारें फिरतें कडें बसलें तें १९५५ सालीं. तोंपर्यंत कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं ही गोष्ट बोटें कापून घेऊनच शिकली असली पाहिजे.

हिंदुस्थानांत पहिलें पथक १९०९ सालीं बंगलोरला निघालें, पण तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचें. आपल्या मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें ज्या सरकारनें लोकांचीं शस्त्रें काढून घेतलीं होतीं, त्याला खाकी वेषांतलीं, काठी व चाकू बाळगणारीं, शिस्तीनें चालणारीं हिंदी मुलें कशीं मानवणार ? भीति चाकूची नसावी, तो कोणाच्या हातीं जातो याची असावी. मग मद्रासेकडे ॲनी बेझंट यांनीं आणि उत्तरेकडे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं हिंदी मुलांच्या संस्था काढल्या. १९२१ सालीं बेडन-पॉवेल येथें आल्यानंतर दार उघडलें. निरनिराळ्या संस्था एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजीं स्थापन झाली.

आतां प्रत्यक्ष शिकवणीकडे वळूं. देशोदेशींच्या पथकांतून तिचें रूप जवळजवळ एकच झालें आहे. चाकू उघडण्यापूर्वीं मिटलेला हातांत धरून हात लांब करावा आणि स्वतःभोंवतीं फिरवावा. त्या वर्तुळांत कोणी येत असेल तर काम सुरू करूं नये. बसून काम करावें, आणि लांकूड दोन मांड्यांच्या मध्यें न धरतां गुडघ्यापलीकडे किंवा एका बाजूला धरावें. मांडीच्या आंतल्या अंगाला मोठी रक्तवाहिनी असते, हें मुलांना स्पष्ट सांगावें. कारण सांगितलें कीं मुलें नियम पाळतात, नुसतें दटावलें तर विसरतात. धार नेहमीं अंगापासून दूर चालवावी. चाकू दुसऱ्याला देतांना तो मिटून द्यावा. न मिटणारा असेल तर मूठ घेणाराकडे करावी, आणि घेणारानें "धन्यवाद" म्हटल्याशिवाय आपली पकड सोडूं नये. हा शब्द येथें नुसत्या सभ्यतेचा नाहीं, "माझ्या हातांत आला" एवढी ती खूण आहे. पातें जमिनींत खुपसूं नये, मातीनें धार जाते. विस्तवांत तर मुळींच घालूं नये, पात्याचें पाणी उतरतें आणि मग तें कितीही घांसलें तरी धार टिकत नाहीं. उभ्या झाडावर नांव कोरणाराचा चाकू काढून घ्यावा. अमेरिकेंत यासाठीं एक गमतीची युक्ति आहे. चाकू वापरण्याचा हक्क मिळालेल्या मुलाजवळ एक कार्ड असतें. नियम मोडला कीं त्याचा एक कोपरा कापतात, आणि चारी कोपरे गेले कीं हक्क गेला.

आणि एक नियम असा आहे कीं तो ऐकून पालक दचकतात : चाकूला धार चांगली असली पाहिजे. बोथट पातें लांकडांत शिरत नाहीं, म्हणून मूल जोर करतें, आणि जोर केला कीं पातें सटकतें. सटकलेलें पातें कोठें जाईल याचा नेम नसतो. धारेचें पातें थोड्या दाबानें आपल्या वाटेनें जातें. म्हणून चाकू शिकविणें म्हणजे आधीं दगड शिकविणें. दगड ओला करावा, पातें साधारण २० अंशांनीं कलतें धरावें आणि दोन्ही बाजू सारख्या घांसाव्या.

आरंभीं सांगितलेल्या अपघाताचें मूळ येथेंच होतें. शिबिराला निघण्यापूर्वीं मुलांनीं आणलेले चाकू मीं काढून घेतले होते आणि सावधगिरी म्हणून पथकाचे जुने, धार गेलेले चाकू वांटले होते. मुलानें बाभळीच्या फांटीची मेख तासायला घेतली, पातें लागेना, त्यानें आंगठ्याचा रेटा दिला आणि पातें सटकलें. चूक मुलाची नव्हती. त्याच्या वडिलांना हें सांगण्याचा धीर मला त्या रात्रीं झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पत्र लिहून सांगितलें.

ब्रिटनमध्यें १९८८ च्या कायद्यानें तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, मिटणारा, कुलूप नसलेला चाकू तेवढा सबबीशिवाय जवळ बाळगण्याची मोकळीक ठेवली. १९९६ च्या कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलांना चाकू विकण्याची बंदी झाली, आणि पुढें ती मर्यादा अठरा वर्षांवर गेली. शहरांतल्या भोसकाभोसकीच्या बातम्या वाचल्या म्हणजे हे कायदे अकारण झाले असें कोणी म्हणणार नाहीं. तेथील बालवीरही आतां गणवेशावर चाकू लावून हिंडत नाहींत. कामापुरता तो घेतात. ही रीत मला पटली. आमच्या पथकांतही चाकू पेटींत मोजून ठेवूं लागलों, कामाच्या वेळीं मोजून देऊं लागलों आणि काम संपल्यावर मोजून घेऊं लागलों.

पुढल्या वर्षींच्या शिबिराला तो मुलगा आला. वडिलांची संमति पत्रानें आली होती, तिच्यांत दुसरें कांहीं लिहिलेलें नव्हतें. पेटी उघडली, त्याच्या हातीं चाकू दिला. त्यानें "धन्यवाद" म्हटलें, बाजूला जाऊन हात फिरवून वर्तुळ पाहिलें, एका काटकीवर पातें चालवून पाहिलें आणि चाकू मिटून परत माझ्याकडे आणला.

"सर, याला धार नाहीं," तो म्हणाला.

मीं पाहिलें. खरोखरच नव्हती. आम्ही दोघे दगड घेऊन विहिरीजवळ जाऊन बसलों.