लोहगडाचं उघडं गुपित

संगणक सुरक्षेच्या परिषदेत वक्ता एखाद्या यंत्रणेतली खोट चारचौघांत सांगू लागला की 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' अशी ओरड होते. पुण्यात २००७ साली 'क्लबहॅक' आणि गोव्यात २०१० साली 'नलकॉन' सुरू झाल्यावर हा वाद आपल्या दारात आला, पण तो नवा मुळीच नाही. त्याचा निकाल लावायला मावळातलं एक प्रकरण पुरेसं आहे. भाजे गावातून वर चढलं की गायमुख खिंड लागते. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. लोहगडाची उंची सुमारे १०३३ मीटर, विसापूरची १०८४. नाना फडणिसांनी बळकट केलेल्या, एकामागून एक वळणावळणाचे चार दरवाजे असलेल्या गडाच्या डोक्यावर शेजारचाच डोंगर बसलेला. ही खोट लपवणार कशी? खिंडीत उभ्या राहिलेल्या गुराख्यालाही ती दिसते.

जिंजीच्या काळात स्वराज्य सांभाळलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात दुर्गांवर लिहिलं, तेव्हा हाच मुद्दा स्पष्ट मांडला. गडाला लागून दुसरा डोंगर नसावा. असेल तर सुरुंग लावून तो उतरवावा, आणि तेही जमत नसेल तर मोकळा न सोडता बांधून ताब्यात ठेवावा. गडाला एकच दरवाजा असणं हाही त्यांच्या लेखी दोष. म्हणजे ज्याला किल्ले राखायचे होते त्यानंच किल्ल्यांचे दोष लिहून ठेवले. विसापूर तटबंदीनं बांधलेला होता, तो उगाच नव्हे. यावर कोणी म्हणेल, आज्ञापत्र दरबारासाठी होतं, बाजारात वाचायला नव्हतं. खरं आहे, आणि आक्षेप वजनदार आहे. पण दोषाचं ज्ञान एकट्या राजाच्या कानात राहून भागत नाही. ते गडावरच्या हवालदार, सबनीस, कारखानीस या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलं तरच तट दुरुस्त होतो, आणि इतक्या जणांत फिरणारी गोष्ट शत्रूपासून लपेल अशी आशा भाबडी. गुप्त ठेवायचं ते वेगळं: कोठारात धान्य किती, दारू किती, पहारा कधी बदलतो. १८८३ साली सांकेतिक लिपीचा अभ्यासक केर्कहॉफ्स यानं लष्करी सांकेतिक लिपीबद्दल हेच म्हटलं. रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीचं. आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकी कुलूपकार हॉब्जनं नामांकित कुलपं उघडून दाखवली, तेव्हा बोंब कुलपवाल्यांनीच ठोकली.

मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेनं आधी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडची शिबंदी गड सोडून गेली. मग अमात्यांचं लिहिणं वाया गेलं का? नाही. उपाय माहीत होता, बांधकामही झालं होतं. पण पेशवा पळत होता, आणि नुसता तट राखायला लागणारी माणसं व उमेद तेव्हा कुठून येणार! दोष कागदावर आल्यानं गड पडला असं म्हणायला एकही पुरावा नाही. इंग्रजांना तो कळायला कागद लागलाच नाही. लोहगडावर त्यांनी पुढं काही वर्षं थोडी शिबंदी ठेवली आणि त्याचे दरवाजे आजही उभे आहेत. विसापूरचे दोन्ही दरवाजे मात्र त्यांनी पाडून टाकले.