अंधेरीतली सुई आणि फ्रायबुर्गची मुलगी

मागच्या वेळी कबूल केल्याप्रमाणे आज आपण एका रक्ततपासणीचा इतिहास पाहू.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. तिथे क्वचित एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा. ती अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं रक्तात सोडते. अचानक धडधड, दरदरून घाम, डोकं ठणकतं, रक्तदाब चढतो आणि थोड्या वेळाने सगळं शांत! बोरिवली लोकलमध्ये कुणाला असं झालं, तर आपण काय म्हणू? गर्दीने झालं, नाहीतर टेन्शन असेल.

१८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला १८ वर्षांची एक मुलगी अशाच झटक्यांनी गेली. दोन्ही ग्रंथींत गाठी आहेत, हे शवविच्छेदनात कळलं. १९२६ साली आपल्या परळला के. ई. एम. रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रू आणि अमेरिकेत मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. पण मेयोंना पोट उघडेपर्यंत आत काय आहे, ते माहीत नव्हतं.

मग आधी ओळखायचं कसं? १९४५ साली रॉथ आणि क्वाले यांनी हिस्टामिन टोचून मुद्दाम झटका आणायची चाचणी मांडली. निदानापायी जीवच धोक्यात! पुढे २४ तासांची लघवी तपासू लागले. धोका टळला, पण दिवसभराची लघवी न चुकता साठवायची आणि तो कॅन मुलुंडहून गाडीने परळला न्यायचा, ही कसरत आलीच.

वाट सापडली ती ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्या कामातून. शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचं मेटानेफ्रिन होतं, हे त्यांनी १९५७ च्या सुमारास दाखवलं. १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. गाठ अ‍ॅड्रिनॅलिन सोडते ते लहरीप्रमाणे. मेटानेफ्रिन मात्र गाठीच्या पेशींत सतत बनतं आणि रक्तात पाझरत राहतं. म्हणजे झटका येण्याची वाट बघायला नको.

२००२ साली ८५८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातल्या मेटानेफ्रिनने ९९ टक्के गाठी पकडल्या. लघवीतल्या जुन्या व्ही. एम. ए. चाचणीने ६४ टक्के. पण गाठ नसलेल्या १०० जणांतही साधारण ११ जणांचा आकडा वाढलेला निघाला. गाठ मुळातच दुर्मिळ, त्यामुळे वाढलेला आकडा म्हणजे गाठच, असं नाही.

आणि इथे आपलं उपनगर येतं. आज हे रक्त अंधेरीत, घाटकोपरला देता येतं. पण माणूस स्टेशनचा जिना चढून धापा टाकत येतो, खुर्चीत बसतो, लगेच सुई. उभं राहिल्याने, धावपळीने हा आकडा वाढतो. नियम असा, की २० ते ३० मिनिटं शांत आडवं पडायचं आणि मग रक्त घ्यायचं. काही औषधांनीही आकडा बिघडतो, तेव्हा चालू गोळ्या डॉक्टरांना आधी सांगायच्या.

एवढं जपायचं कशासाठी? खोटा आकडा निघाला, तर माणूस स्कॅनच्या फेऱ्यांत अडकतो. आणि गाठ सुटली, तर दुसऱ्याच कुठल्या ऑपरेशनला भूल देताना रक्तदाब भडकून जीव जाऊ शकतो. आधी कळलं, तर औषधांनी रक्तदाब आवरून गाठ काढता येते. फ्रायबुर्गच्या त्या मुलीला ही संधी नव्हती, आपल्याला आहे. तेव्हा रक्त द्यायला गेलात, तर काउंटरवर एवढं जरूर विचारा, “झोपवून घेणार ना?”

आता आपण प्रश्न घेऊ.